दोन मनगटांचं खातं

तंत्रज्ञानाचे शेअर धडाधड पडले त्या आठवड्यात आमच्या अख्ख्या कॉलनीत एकच मनगट हिरवं होतं, आणि ते माझं होतं. ही फुशारकी नव्हे. मला शेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ज्याला कळतच नाही त्याला भीती कशाची? पण लोकांना कारणाशी काय करायचंय? सकाळी दूध घ्यायला फाटकाशी गेले की शेजारचे नांद्रेकर भाऊजी आधी माझ्या मनगटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

"वयनी हिरव्या हाईत अजून," ते आत बायकोला ओरडून सांगायचे. "म्हंजे आज तरी जग बुडत न्हाई!"

हा मनगटावरचा धीरपट्टा काय चीज आहे ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढची भानगड कळेल. मागच्या मोठ्या पडझडीत लोकांनी फोनवर अंगठे आपटून आपटून आयुष्याची पुंजी एका दुपारीत विकली, आणि भाव परत चढल्यावर कपाळ बडवून घेतलं. तेव्हा नियम आला की भ्यालेल्या माणसाने मोठा सौदा करायचा नाही. भ्यालेला कोण, हे पट्टा ठरवणार.

आपल्याला वाटतं, हृदयाचे ठोके घड्याळासारखे एका मापात पडतात. तसं नसतं. माणूस निवांत असला की श्वास घेताना ठोके जरा भरभर पडतात आणि सोडताना जरा सावकाश. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं कमीजास्त होत राहतं. मनावर ताण आला की ही मोकळीक जाते आणि ठोके कवायतीसारखे एका तालात पळायला लागतात. पट्टा ते अंतर मोजतो. शिवाय कातडीवरचा घाम बघतो, आणि त्या घामात ताणाचं रसायन किती उतरलंय तेही बघतो. सगळं ठीक असेल तर हिरवा, थोडं बिघडलं तर पिवळा, आणि पार उधळलं तर लाल. लाल काय, पिवळा असला तरी लाखाच्या वरचा सौदा यंत्र घेतच नाही. खातं दोघांच्या नावावर असेल तर दोन्ही मनगटं एकाच वेळी हिरवी लागतात.

आमचं खातं दोघांच्या नावावर होतं.

आमचे हे, शांतिनाथ मगदूम, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे दलाल होते. त्या बाजारात जुन्या माणसांची एक रीत होती. मोठा सौदा तोंडाने करायचा नाही. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने हात मिळवायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू द्यायची नाही, कारण भोवती उभे असलेले बाकीचे व्यापारी चेहराच वाचत असतात. यांनी मिसरूड फुटल्यापासून हेच केलं. परिणाम असा झाला की यांचा चेहरा कायमचाच कोरा झाला. सासूबाई गेल्या तेव्हा कोरा, आमच्या ऋजुताचं लग्न लागलं तेव्हा कोरा, आणि माझी आमटी खारट झाली तरी कोरा.

मी बरोबर उलटी. दूध उतू गेलं तरी माझा आवाज कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जातो. त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात ठरूनच गेलं होतं की शांतिनाथ म्हणजे थंड डोकं आणि त्रिशला म्हणजे काळजीचं गाठोडं. पट्टे आले आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मी आरडाओरडा करत असले तरी हिरवी, आणि हे पाटासारखा चेहरा करून पेपर वाचत बसलेले असले तरी लालभडक. नाव शांतिनाथ ठेवणाऱ्या सासऱ्यांनी हे बघितलं असतं तर बारसं परत घातलं असतं.

लिलाव यंत्रावर गेले तसा यांनी यार्डातला गाळा विकला. ते पैसे म्हणजे आमचं म्हातारपण होतं. औषधपाणी, घराची डागडुजी, आणि मुख्य म्हणजे ऋजुतापुढे हात पसरायची वेळ न येणं. पैसे बँकेत ठेवले होते आणि मी ते विसरूनही गेले होते.

पडझडीच्या त्या आठवड्यात एका सकाळी यांनी मला हाक मारली. "त्रिशला, इकडं ये जरा. हे बघ. सैंधव."

"कुठल्या दुकानातलं? परवाच किलोभर आणलंय," मी म्हटलं.

"खायचं मीठ नव्हे गं. कंपनी आहे. कुपवाडला आहे की आपल्या."

मग कधी नव्हे ते हे सलग बोलले. गाड्यांच्या बॅटरीत लिथियम लागतं. ते बाहेरून आणावं लागतं आणि महाग पडतं. सैंधववाले त्याच्या जागी सोडियम वापरतात, म्हणजे मिठातला धातू. मीठ तर समुद्राकाठी ढिगांनी पडलंय. ही बॅटरी जरा जड होते, पण स्वस्त पडते आणि सहजी पेट घेत नाही. छपरावर तयार झालेली वीज घरात साठवायची तर जड असली म्हणून काय बिघडलं? घर कुठे पळतंय?

"मग एवढी चांगली आहे तर पडली कशाला?"

"परदेशात संगणकाच्या दोन बड्या कंपन्यांचे फुगे फुटले. तंत्रज्ञान म्हणून पाटी असलेलं सगळंच लोक विकायला लागले. सुक्याबरोबर ओलंही जळतं. नऊशेचा शेअर तीनशेच्या खाली आलाय. आत्ताच घ्यायचा."

"घ्या की थोडे."

"थोडे नाही. गाळ्याचे सगळे."

मी हातातला झारा खाली ठेवला. "सगळे? आणि फळ कधी मिळणार?"

"दहा वर्षं धरून चाल."

"अहो, आपल्या वयात लोक पुढच्या दिवाळीचं बोलताना 'राहिलो तर' म्हणतात. तुम्ही दहा वर्षांचं घेऊन बसलाय!"

यांनी टॅब हातात घेतला. मीही नेहमीसारखं "बघा बाई तुमचं तुम्ही" म्हणून झारा उचलला. आमच्या घरात याचा अर्थ होकार असा होतो. यांनी बटण दाबलं. टॅबमधून गोड आवाजात उत्तर आलं, "एक मनगट लाल आहे. सौदा थांबवला आहे. कृपया दीर्घ श्वास घ्या."

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात दीर्घ श्वासाशिवाय दुसरं काही घेतलं गेलं नाही. यांनी अनुलोम-विलोम केला, पण निम्मं लक्ष मनगटाकडे. आमराईत फेऱ्या मारल्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन सामायिकाला, ध्यानाला बसले. तिथल्या मंडळींनी यांच्या स्थिर आसनाचं कौतुक केलं आणि पट्टा लाल तो लालच राहिला. नांद्रेकर भाऊजींनी हिंग घातलेलं ताक सुचवलं. त्याने यांना फक्त ढेकर आले.

सगळ्या गावाचीच ही तऱ्हा होती. भ्यालेल्यांना विकता येईना, हावरटांना घेता येईना, आणि शहरात शांततेचा बाजार भरला. एका शेअर दलालाने ऑफिसात झोपाळे टांगले. गिऱ्हाईक झुलता झुलता हिरवं झालं की तो पटकन फोन पुढे करायचा. दुसऱ्याने दारात गाय आणून बांधली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायचे पैसे लावले. गाय तेवढी दिवसभर निवांत असायची.

एके दुपारी माझा जरा डोळा लागला होता. कानाशी गंभीर आवाज आला, "ही नाडी शांतिनाथ मगदूम यांची नाही." मला वाटलं, वरून बोलावणं आलं. दचकून उठले तर यांचा पट्टा माझ्या डाव्या मनगटावर, माझा उजव्यावर, आणि हे पलंगाशेजारी उकिडवे बसून टॅब धरलेले. चेहरा अर्थात कोरा.

"काय चाललंय हे?"

"बघत होतो, चालतंय का."

मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. एवढं हसूनही मी हिरवीच होते.

खरी गोष्ट कळली ती एका रविवारी. बाजार बंद होता. मी संध्याकाळी भडंगासाठी कढईत लसूण परतत होते आणि गुणगुणत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात पेपर घेऊन बसलेले. सहज बघितलं तर पट्टा लाल. बाजार बंद असताना भीती कसली? मी गुणगुणणं थांबवलं. थोड्या वेळाने पट्टा पिवळा झाला. परत सूर धरला. परत लाल. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही. मी तीनदा करून बघितलं.

"अहो, माझ्या गाण्याची भीती वाटते तुम्हाला?"

"कशाला भ्यायचंय?"

"मग लाल का होता?"

यांनी पेपरची घडी घातली. चेहऱ्यावर काही नाही, पण कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या दिसल्या. "बरं वाटतंय म्हणून."

मी गॅस बंद केला. "हे बरं वाटणं कधीपासूनचं?"

"पहिल्यापासून."

आता मला राहवेना. "मला बघून गेलात तेव्हा घरी जाऊन काय म्हणालात, ते तुमच्या आईंनी मला सांगितलंय. 'बरी आहे' म्हणालात. दोन शब्द! बैल बघून आल्यावरसुद्धा माणूस चार शब्द बोलतो. ते 'बरी आहे' इतकी वर्षं माझ्या घशात अडकलंय."

यांनी पेपरची घडी उलगडून परत घातली. मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी हा पट्टा असता तर तुझ्या बापानं डॉक्टर बोलावला असता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, कारण तेव्हा मला वाटत होतं की या माणसाने मला फक्त चालवून घेतलंय. लसूण करपला. आम्ही तसलंच भडंग खाल्लं आणि मी मुद्दाम तीन गाणी जास्त म्हटली.

ऋजुता पुण्यात फिजिओथेरपी शिकवते. तिला मी फोन करून विचारलं, तर ती हसायलाच लागली. "अगं आई, भीतीत आणि आनंदात शरीर जवळजवळ सारखंच धावतं. ठोके, घाम, सगळं. फरक डोक्यात असतो आणि पट्टा मनगटावर. बाबा सैंधवला घाबरलेले नाहीत. लहान मुलाला जत्रेत होतं तसं झालंय त्यांना."

हे धरून आम्ही गुंतवणूकदारांच्या मदत केंद्रात गेलो. तिथल्या फडतरे मॅडम पस्तिशीच्या, बोलायला मोठ्या गोड. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "यांचा लाल आनंदाचा आहे. तेवढं यंत्रात लिहून घ्या."

"काकू, भीतीनं माणूस चुकतो, तसा आनंदानंही चुकतोच की," त्या म्हणाल्या. "हाव सुटते ना, तीसुद्धा माणसाला आनंदच वाटते. नियमाला लाल म्हणजे लाल."

यांनी मान डोलावली. बाजारात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला ते पटलं असणार.

"एक करता येईल," मॅडम पुढे म्हणाल्या. "खातं एकट्या काकूंच्या नावावर करून घ्या. त्या तर कायम हिरव्या."

"करा!" हे खुर्चीतून उठलेच. "आत्ताच करा. कागद कुठाय?"

मी म्हटलं, "आज नको. घरी चला."

स्कूटरवर मी मागे बसले. पुलावर म्हटलं, "थांबवा गाडी."

हे थांबले.

"तुम्हाला माझं मनगट हवंय, मत नको. आपली मांजर हिरवी असती तर तुम्ही खातं तिच्या नावावर केलं असतं."

मला फार लागलं होतं. आदल्या रविवारी ज्या माणसाने मला इतकं श्रीमंत केलं, त्यानेच मला बटण दाबायची काठी करून टाकलं होतं. वाऱ्याने माझा पदर उडत होता आणि मागून येणारे लोक आमच्याकडे बघत जात होते.

यांनी स्कूटर स्टँडवर लावली. माझ्याकडे वळले. "बरं. मग सांग. तुझं मत काय?"

आणि माझी पंचाईत झाली. माझ्याकडे मत नव्हतंच! लग्न झाल्यापासून पैशाच्या प्रत्येक गोष्टीला मी "बघा बाई तुमचं तुम्ही" म्हणत आले होते. माझं हिरवं मनगट म्हणजे धीर नव्हता. चुकलं तर त्यांचं, साधलं तर दोघांचं, असा तो फुकटचा निवांतपणा होता. अख्खी कॉलनी सकाळी ज्याच्या आधाराने चहा प्यायची, तो आधार आतून पोकळ निघाला.

"आठ दिवस द्या मला," मी म्हटलं. "तोवर बटणाला हात लावायचा नाही."

"आठ दिवसांत भाव चढला तर?"

"चढला तर चढला. आयुष्यात पहिल्यांदा माझं मत मागितलंय तुम्ही, ते काय उभ्या उभ्या देऊ?"

हे कोऱ्या चेहऱ्याने "बरं" म्हणाले. पट्टा लाल होता, आणि या वेळचा लाल नक्की भीतीचा होता.

मी कामाला लागले. सैंधवचा वार्षिक अहवाल फोनने मराठी करून वाचून दाखवला. पहिल्या दिवशी मला झोप आली. दुसऱ्या दिवशी राग आला, कारण सोपी गोष्ट ही माणसं इतकी अवघड करून का लिहितात ते कळेना. तिसऱ्या दिवशी मला एक प्रश्न पडला आणि मग प्रश्नांना उसंतच राहिली नाही. कंपनीचा कारखाना शनिवारी भागधारकांना बघायला उघडा असतो असं त्यात लिहिलं होतं. छोट्या सौद्याला पट्टा आड येत नाही. मी माझ्या फोनवरून एक शेअर घेतला, फक्त एक, आणि शनिवारी नवी इरकल नेसून रिक्षाने कुपवाडला गेले. फाटकावर सांगितलं, "मालकीण आली आहे."

आत इंजिनियर होता दातार नावाचा. त्याने माझ्यासमोर एका भरलेल्या बॅटरीत खिळा ठोकला. मी कान झाकून घेतले. स्फोट नाही, जाळ नाही. "हात लावा," तो म्हणाला. बॅटरी नुसती कोमट झाली होती, रात्री झाकून ठेवलेल्या दुधासारखी. मला इतकी मौज वाटली की मी त्याला अजून एक खिळा ठोकायला लावला.

मग मी प्रश्न काढले. कर्ज किती? फार नाही, तो म्हणाला. गिऱ्हाईक कोण? दोन मोठी कंत्राटं आहेत, एक सरकारी कचेरीत अडकलंय. माणसं काढली का? नाही, पण जादा पाळी बंद केली.

"आणि बाहेरच्या देशातून यापेक्षा स्वस्त बॅटरी आली तर?"

दातारने हातोडी खाली ठेवली. "मग आम्हाला फार अवघड जाईल, मॅडम. खोटं कशाला सांगू?"

हे उत्तर मला आवडलं आणि त्याच उत्तराची धास्तीही वाटली. परतीच्या वाटेवर रिक्षात मी हिशेब मांडत होते, किती बुडालं तर आपण हसत राहू आणि किती बुडालं तर रात्री उठून बसू. डोकं इतकं भरभर चाललं होतं की घर कधी आलं ते कळलंच नाही. फाटकाशी नांद्रेकर भाऊजी झाडांना पाणी घालत होते. त्यांनी सवयीने माझ्या मनगटाकडे बघितलं आणि त्यांच्या हातातली पाइप खाली पडली.

"वयनी लाल!" ते किंचाळले. "अगं ए, वयनी लाल झाल्या!"

अर्ध्या तासात कॉलनीभर झालं. लोक शेअर विकायला धावले. पण विकणार कसे? सगळेच लाल. नांद्रेकरांच्या मंगलवहिनी मला हिंगाचं ताक घेऊन आल्या आणि पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "सांगा तरी, काय वाईट कळलं?" मी म्हटलं, "वाईट काही नाही हो. मी विचार करतेय." त्यांचा विश्वास बसला नाही.

मला मात्र त्या लाल रंगाचं अप्रूप वाटत होतं. सकाळी डोळा उघडला की काहीतरी वाट बघतंय असं वाटायचं. असं मला शाळेत असताना व्हायचं, सहलीच्या दिवशी. नंतर कुठे गेलं होतं कोण जाणे.

आणि गंमत म्हणजे यांचा पट्टा उतरायला लागला. संध्याकाळी चहा हे करायचे आणि विचारायचे, "आज काय वाचलंस?" मी बोलत सुटायची. हे ऐकायचे, मध्येच एखादा वाकडा प्रश्न टाकायचे, मी उत्तर शोधून आणायची. लाल जाऊन पिवळा आला. इतकी वर्षं सगळं ओझं एकट्याने वाहिलेल्या माणसाला दुसरा खांदा मिळाला होता.

आठव्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात टॅब मांडला. हे हिरवे, मी लाल. खातं अजून दोघांचंच होतं. नांद्रेकर जोडपं माझ्यासाठी हिंगाचं ताक घेऊन "सहज" म्हणून आलेलं आणि सोफ्यावर पुढे सरकून बसलेलं.

"झालं मत?" यांनी विचारलं.

"झालं. घ्यायचे. पण सगळ्याचे नाही."

"मग कितीचे?"

मी नांद्रेकरांकडे बघितलं. आमच्या पैशाचा आकडा त्यांच्या कानावर गेला की दुपारपर्यंत मिरजेला पोचला असता. यांच्या ते लक्षात आलं. यांनी खांद्यावरचा पंचा काढला, माझा हात हातात घेतला आणि वर पंचा टाकला.

हातावर पंचा पडला आणि मी सावरून बसले. हा माणूस यार्डात जन्मभर बड्या बड्या व्यापाऱ्यांशी असा बसला. माझ्याशी पहिल्यांदाच बसत होता. मी इतक्या वर्षांत ऐकून ऐकून रीत शिकलेच होते. पैशाचे दहा भाग धरायचे आणि भागाला एक बोट.

यांनी माझी पाची बोटं दोनदा दाबली. सगळे.

मी यांची दोन बोटं धरली.

"अं?" मंगलवहिनी म्हणाल्या. "काय झालं? काही कळंना."

यांनी आठ बोटं मोजली. मी परत दोनच. सहा. मी एक बोट वाढवलं, तीन, आणि मूठ घट्ट केली. तीन भाग गेले तर आम्ही हसू शकत होतो. सात भागांत औषधपाणी, घर आणि ऋजुतापुढची ताठ मान, सगळं बसत होतं. हे मी यांना तोंडाने सांगितलं नाही, पण मूठ सोडली नाही. हे पाचावर आले. मी तीन. यांचा चेहरा पाटीसारखा कोरा आणि माझा मात्र सगळा चव्हाट्यावर, तरी माघार घेत होते ते! चार. मी तीन. पंच्याखाली यांचा तळवा गरम होता आणि पकड घट्ट होती. हरणाऱ्या माणसाचा हात असा नसतो. यांना सौद्याला तोलामोलाचं माणूस मिळालं होतं.

शेवटी यांनी माझी तीन बोटं धरली आणि एकदा जोरात दाबली. सौदा तुटला, म्हणजे यार्डाच्या भाषेत पक्का झाला.

मी मोठा श्वास सोडला. कोणी सांगितलं म्हणून नाही, आपोआप सुटला. खांदे खाली आले. थोडा वेळ आम्ही तसेच हात धरून बसलो.

"अहो, बघा!" मंगलवहिनी ओरडल्या. "दोघंबी हिरवी!"

खरंच होतं. गावभर लोक आधी शांत व्हायला बघत होते, म्हणजे मग ठरवता येईल. आमचं आधी ठरलं आणि शांतता मागून आली. यंत्र बनवणाऱ्यांना हे कोणीतरी कळवायला हवं, पण तेव्हा पत्र लिहायला वेळ कुणाला होता? यांनी टॅब माझ्यापुढे सरकवला.

"तू दाब."

"दोघं मिळून."

आम्ही दोघांनी एकेक बोट ठेवलं. "सौदा पूर्ण झाला आहे," गोड आवाज म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी दोन्ही पट्टे लाल झाले. मी हसायला लागले. हेही हसायला लागले, मोठ्याने, चारचौघांत. नांद्रेकर भाऊजी इतके घाबरले की त्यांनी माझ्यासाठी आणलेलं ताक स्वतःच पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सैंधव आणखी पडला. फार नाही, पण पडला. मी टॅब घेऊन अंगणात यांच्याजवळ गेले. हे तुळशीला पाणी घालत होते.

"अहो, आपण शहाणे की खुळे, हे कळणार तरी कधी?"

"दहा वर्षांनी."

"तोवर काय करायचं?"

यांनी तांब्या खाली ठेवला आणि हात पंच्याला पुसले. "तोवर मरायचं नाही," हे म्हणाले. "दोघांनीही."

"ठरलं," मी म्हटलं.